दोन वाफे, सारखं पाणी

हे घडलं एकोणीसशे सत्तर साली. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या रोपवाटिकेसमोरचा रस्ता डांबरी झाला आणि धाकटा भाऊ त्या ओल्या डांबरावरून चालत घरी परत आला. फाटकापासून पायरीपर्यंत त्याच्या बुटांचे काळे ठसे उमटले. कित्येक वर्षांनी घरी आलेल्या मुलाला आबांनी पहिलं वाक्य ऐकवलं ते असं: "बूट काढ. आणि ते ठसे घास."

त्यानं घासले. गुडघ्यांवर बसून, रॉकेलच्या चिंधीनं. मी दारात उभी राहून बघत होते आणि आनंदानं रडत होते. त्याच्या शेजारी पायरीवर दोन ओली पोती होती. पोत्यांतून गवताची पाती बाहेर डोकावत होती.

घर सोडून गेला होता तोही आबांच्या मारामुळेच. एका वाफ्याचा नळ त्याच्या हातून चालू राहिला, कोवळी रोपं वाहून गेली, आणि आबांनी फावड्याच्या दांड्यानं त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मग मोठ्या भावाला, दादाला, हाक मारून त्यालाही तेवढेच फटके दिले. दादाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. पण आबांचा नियमच तसा होता. दोन मुलगे, दोघांना सगळं सारखं. जेवण सारखं, कपडे सारखे, मारही सारखा. लहानपणी दोघं एका लाकडी घोड्यावरून भांडले, तर आबांनी कुऱ्हाड आणून घोडा उभा चिरला आणि ज्याच्या त्याच्या हातात अर्धा अर्धा दिला. एक कान, दोन पाय.

आई म्हणाली, "अहो, आता दोघंही रडतायत."

आबा म्हणाले, "सारखेच रडतायत ना?"

मी मुलगी, म्हणून या वाटणीत मी कधी नव्हतेच. मला घोडाही नाही आणि मारही नाही. तेव्हा त्याचं वाईट वाटायचं.

आई गेली तेव्हा तिच्या मागे राहिले ते तिचे बेगोनिया. कंदाचे बेगोनिया, हाताच्या पंज्याएवढं फूल, लोण्यासारखं पिवळं आणि पाकळीच्या कडेला किंचित गुलाबी. ते दादानं सांभाळले. थंडीच्या आधी कंद उकरायचे, माती झटकायची, सावलीत वाळवायचे, लाकडाच्या भुशात निजवायचे. ऊब आली की डोळे फुटलेले कंद कापायचे, प्रत्येक तुकड्याला एक डोळा ठेवायचा, कापल्या जागी गंधकाची पूड चोळायची. भुशाची खोकी दादा स्वतःच्या पलंगाखाली ठेवायचा. वहिनी हसून म्हणायची, "मी लग्न करून आले, पण सासूबाई अजून पलंगाखालीच आहेत. जरा कूस बदलली तरी त्यांना कळतं."

दादानं रोपवाटिकेबाहेरचं जग फारसं पाहिलंच नव्हतं. शाळेत असल्यापासून तो याच जमिनीत वाकलेला. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरीकडे कुठे राहायचं असतं हेही त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

धाकट्याच्या पोत्यांत होतं ते माळरानाचं शोभेचं गवत. मधली वर्षं तो दूर कुठल्याशा गवताळ मुलखात कुंपणं ठोकायचं काम करत होता. तिथलं हे गवत उन्हाळ्यात निळसर हिरवं असायचं, थंडी येऊ लागली की तांबूस व्हायचं, आणि वारा आला की सगळं रान एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचं. हे सांगताना त्याचा हात हवेत असा फिरायचा की आपल्यालाही वारा लागतोय असं वाटायचं.

"मुळं माणसाच्या उंचीपेक्षा खोल जातात, वहिनी," तो म्हणाला.

"मग गिऱ्हाइकाला काय दाखवायचं? खड्डा?" वहिनी म्हणाली.

दादा कंदांवरची माती पुसत होता. "गाई सोडून दुसरं कुणी बघायला येणार आहे का तुझं गवत?"

"तुझं झाड म्हणजे लाडावलेली नवरी. ऊन लागलं की घेरी येते. पाणी जास्त झालं की सर्दी. वारा आला की कंबर मोडते. आणि थंडी पडली की उचलून अंथरुणात घालायचं."

"फुलतं तरी. तुझं काय, केस वाढवून उभं."

दोघं हसले. त्या आठवड्यातलं ते हसणं मला अजून ऐकू येतं. त्यानंतर ते दोघं एकत्र हसल्याचं मी ऐकलं नाही.

कारण पुढच्याच रविवारी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी चौकाजवळ नवं घर बांधलं होतं, खाली दवाखाना, वर राहणं. बागेत काय लावू, असा साधा प्रश्न त्यांनी विचारला. दादा म्हणाला बेगोनिया, धाकटा म्हणाला गवत, आणि दोघं एकाच वेळी बोलू लागले. आवाज चढले. धाकट्यानं दादाच्या हातातली कुंडी हिसकावून टेबलावर आपटली, दादानं त्याची गचांडी धरली. बाई दोन पावलं मागे सरकल्या.

आबा आले आणि दोघांच्या मुस्काटात एकेक ठेवून दिली. गिऱ्हाइकासमोर. मग बाईंना म्हणाले, "हिवाळ्यापर्यंत थांबा. दोन्ही शेजारी शेजारी लावतो. जे उभं राहील ते तुमचं." आणि मुलांकडे वळून म्हणाले, "आणि ज्याचं उभं राहील त्याची ही रोपवाटिका. दुसऱ्यानं आपली वळकटी उचलायची. एका जागेत दोन मालक मी ठेवणार नाही."

वहिनीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. दादाचा चेहरा मातीसारखा झाला होता.

आबांनी फाटकाजवळचा उघडा तुकडा निवडला. दोन वाफे, मध्ये फक्त विटांची एक ओळ. दोघांना दिवसभराचं सारखंच ऊन, सारखंच शेणखत, सकाळ-संध्याकाळ सारख्याच झाऱ्या. झाऱ्या ओतायचं काम माझ्याकडे. आबा स्वतः उभे राहून बघायचे. आणि दादानं सगळेच्या सगळे कंद लावायचे, एकही मागे ठेवायचा नाही, कारण धाकट्यानं पोती रिकामी केली होती.

"आबा, बेगोनियाला सावली लागते," दादा म्हणाला.

"आबा, गवताला खत नको. उपाशी ठेवलं तर ताठ राहतं. खायला घातलं की लोळतं," धाकटा म्हणाला.

"दोघांचीही रड एकच," आबा म्हणाले. "लाड नाहीत. सारखं म्हणजे सारखं."

आबा अडाणी नव्हते. गुलाबाचं कलम त्यांच्यासारखं कुणी बांधत नसे. सावलीचं झाड कुठलं आणि उन्हाचं कुठलं हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण मुलगे समोर आले की त्यांना झाड दिसायचं नाही, तराजू दिसायचा.

ऊन तापलं तशी बेगोनियाची पानं कडेनं करपू लागली, जळलेल्या कागदासारखी. एका दुपारी दादानं चार काठ्या रोवून जुन्या पोत्यांचं छप्पर घातलं. आबांनी ते पाहिलं. त्यांनी काठी उपटली आणि त्याच काठीनं दादाला वाफ्याभोवती फिरवून मारलं. लग्न झालेला, तिशीतला माणूस. तो डोक्यावर हात घेऊन पळत नव्हता, खाली बघून पावलं टाकत होता. झाडांवर पाय पडू नये म्हणून. मग आबांनी धाकट्याला बोलावलं. त्यानं छप्पर घातलं नव्हतं, तरी.

"तुझ्यामुळे," धाकटा रक्ताळलेला ओठ पुसत दादाला म्हणाला. "लहानपणापासून तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे? नळ कुणी उघडा ठेवला होता?"

धाकट्यानं त्याच्या पोटात लाथ मारली. दादानं त्याचे केस धरून डोकं पिंपावर आपटलं. मी आणि वहिनीनं दोघांना ओढून वेगळं केलं. वहिनी धापा टाकत म्हणाली, "चिमे, तुझ्या घरात माणसं एकमेकांना हात लावतात ते फक्त मारायलाच का गं?" त्या दिवसापासून दोघं जेवायलाही वेगवेगळ्या वेळी बसायचे.

गवताची गोष्ट उलटी झाली. शेणखत आणि पाणी मिळाल्यावर ते माजलं. कमरेपर्यंत यायचं ते छातीपर्यंत गेलं, पण अंगात जोर नाही, पाती मऊ आणि लुसलुशीत. धाकटा रोज सकाळी पात्यांतून हात फिरवायचा आणि मान हलवायचा. मला हळूच म्हणायचा, "चिमे, माझ्या बाजूला झारी थोडी तिरकी धर ना." आणि आबा मागून खाकरायचे.

बेगोनिया मात्र करपूनही फुलले. आईचा तो लोण्याचा रंग, भाजलेल्या पानांतून वर आलेला. दादा रोज वाफ्यापाशी उकिडवा बसायचा. म्हणायचा, "एवढा उन्हाळा निभावला की झालं. मग थंडी. मग आबा बघतील." रोपवाटिका हातची जाईल या विचारानं त्याला अन्न जात नव्हतं. त्याच्या सदऱ्याच्या गळ्यातून हाडं दिसू लागली होती.

उन्हाळा सरता सरता वादळ आलं. भरदुपारी अंधारलं, तासभर वारा आणि पाण्याचा मारा. काचघराच्या तीन-चार काचा फुटल्या. थांबल्यावर आम्ही बाहेर धावलो.

गवत आडवं झालं होतं. सगळं, एकाच बाजूला, ओल्या घोंगडीसारखं. आणि ते पडलं होतं विटांच्या ओळीपलीकडे, बेगोनियांवर. बेगोनियाचा देठ काचेसारखा असतो, वजन सहन करत नाही. एकही देठ उभा नव्हता. पिवळी फुलं चिखलात थापलेली.

दादा छपरीत गेला आणि कोयता घेऊन आला. गवताची जुडी डाव्या हातात धरायची आणि बुडाशी वार करायचा. एक, मग दुसरी, मग तिसरी. तो रडत नव्हता, ओरडत नव्हता, नुसता हुंकार निघत होता, लाकूड फोडणाऱ्याचा निघतो तसा. पाती उडून त्याच्या तोंडाला चिकटत होती.

धाकटा काचघराकडून धावत आला. "अरे, थांब! ती मुद्दाम पडली नाहीत!" त्यानं फावडं उचललं आणि चपट्या बाजूनं दादाच्या पाठीवर घातलं. दादा गुडघ्यावर पडला, पण त्याचा हात थांबला नाही. धाकट्यानं फावडं फेकलं आणि वाकून उरलेली जुडी दोन्ही हातांनी कवटाळली, लेकराला पोटाशी घ्यावं तशी. कोयता तेव्हा वरून खाली येत होता.

दादाला ती बोटं दिसली नाहीत. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं आणि आजही सांगते, कारण मी पाच हातांवर उभी होते.

उजव्या हाताची दोन बोटं गवतात पडली. धाकट्यानं हात वर धरला आणि नवल वाटावं तसा बघत राहिला. मग रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि तो ओरडला. दादाच्या हातातून कोयता गळला. तो "नाही, नाही, नाही" म्हणत चिखलात बोटं शोधू लागला. वहिनीनं डोक्यावरचा रुमाल काढून धाकट्याचा हात आवळला.

आणि आबा आले. त्यांनी धाकट्याचा हात पाहिला, दादाकडे पाहिलं, खाली पडलेला कोयता पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला तेच आठवतं. हिशोब जुळवणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो.

त्यांनी दादाला केसांना धरून विटांच्या ओळीपर्यंत फरफटत आणलं, त्याचा उजवा हात विटेवर ठेवला आणि मनगटावर बूट ठेवला. कोयता उचलून ते म्हणाले, "दोन बोटं. सारखं करतो."

दादानं हात ओढला नाही. त्यानं डोळे मिटले. एवढ्या वर्षांत त्याच्या अंगवळणीच पडलं होतं ते.

"आबा, नको!" धाकटा किंचाळला. "मी फिटलं म्हणतो! आबा, फिटलं!"

वहिनीनं त्याचा हात सोडला, ती धावली आणि आबांच्या बुटाला धक्का देऊन सरळ दादाच्या हातावर बसली. मांडी घालून, बूड टेकून. "तोडा," ती म्हणाली. "आधी मला तोडा. बघू, मग सारखं करायला तुमच्याकडे दुसरी सून कुठंय."

आबांनी तिला हिसडा देऊन बाजूला केलं. तिचं कपाळ विटेवर आपटलं. आबांचा हात पुन्हा वर गेला.

माझ्या हातात झारी होती. पत्र्याची, काठोकाठ भरलेली, वादळ व्हायच्या आधी भरलेली. पाऊस पडून गेल्यावरही मी ती का उचलून आणली होती कोण जाणे, सवयीनं असेल. मी ती दोन्ही हातांनी फिरवली आणि आबांच्या डोक्यावर, उजव्या कानापाशी हाणली. आवाज घंटेसारखा झाला. आबा आडवे झाले, बेगोनियांवरच. त्यांच्या कानातून रक्त आलं, तोंडाची एक बाजू वाकडी झाली आणि तशीच राहिली.

मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. लोक विचारतात तेव्हा हेच सांगते.

आबांना हातगाडीवर घालून आणि बाकीच्यांना चालवत दवाखान्यात नेलं. नव्या डांबरावर रक्ताचे थेंब पडत गेले. डॉक्टरीणबाईंनी धाकट्याच्या हाताला टाके घातले, वहिनीचं कपाळ शिवलं, आबांच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. बोटं मी ओल्या फडक्यात आणली होती, पण त्यांचा उपयोग नव्हता. काय झालं हे बाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. त्या सुई हातात धरून तशाच थांबल्या.

"अगं, पण माझ्या घराला पुढची बाजू आहे नि मागची बाजू आहे," त्या म्हणाल्या. "पुढे नुसता उताराचा दगड, ऊन, पाण्याचा टिपूस नाही. मागे दिवसभर गार सावली आणि विहीर. मी दोन्ही लावणार होते. दोनातलं एकच निवडा असं मी कधी म्हटलं?"

धाकट्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

थंडी आली. आबा काठी टेकत वाफ्यापाशी गेले. बोलणं बोबडं झालं होतं, उजवा कान गेला होता, पण ठरलेला दिवस ते विसरले नव्हते. आम्हाला सगळ्यांना बोलावलं. गवताच्या छाटलेल्या बुडख्यांतून नवी पाती आली होती, वीतभर, टोकाला तांबूस. आबांनी दादाकडे मान हलवली. दादानं कंद उकरायला सुरुवात केली. पहिला हातात आला तो पिळल्या फडक्यासारखा मऊ, त्यातून घाण पाणी गळलं. दुसराही तसाच. उन्हाळाभराच्या त्या सारख्या झाऱ्यांनी सगळे सडले होते. दादानं शेवटच्या कंदापर्यंत उकरलं. एकाही कंदाला घट्ट डोळा नव्हता.

"गवत," आबा म्हणाले.

"मला नको," धाकटा म्हणाला. "दादा, तू इथेच राहा. आबा काही म्हणू देत. मला ही जागा नको."

दादानं हात मातीत पुसले. "नुसता आबांचा शब्द असता तर मोडला असता रे. पण तुझी बोटं गेलीयत या जागेपायी. त्या जागेवर मी तुझ्या मेहेरबानीनं राहू? रोज तुझा हात बघत?"

"मग मी जातो."

"एकदा गेलायस. आता माझी पाळी." तो थोडं हसला. "सारखं नको व्हायला?"

धाकट्यानं त्याच्या तोंडात मारली, डाव्या हातानं, जोरात. दादानं मारू दिलं. मग तो आणि वहिनी वळकट्या उचलून डांबरी रस्त्यानं चालत गेले. वहिनीच्या कपाळावरची पट्टी दूरवर पांढरी दिसत होती.

दादाला एका लाकडाच्या वखारीत काम मिळालं. झाडं त्यानं पुन्हा लावली नाहीत, खिडकीतली कुंडीसुद्धा नाही. वहिनीनं स्टेशनाजवळ फुलांचं दुकान टाकलं आणि ते नावारूपाला आणलं. तिच्या दुकानात सगळं मिळायचं, बेगोनिया सोडून. तिला एक मुलगी झाली. दुसरं मूल तिनं होऊ दिलं नाही. "एकच बरं," म्हणायची, "वाटणीचा प्रश्न नको." ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली.

आबा आणखी काही वर्षं जगले. मी त्यांना चमच्यानं भरवायचे. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, पण मी झारी घेऊन जवळून गेले की मान खाली घालायचे.

डॉक्टरीणबाईंचं घर अजून आहे, त्यांचा नातू तिथे दवाखाना चालवतो.

धाकट्यानं लग्न केलं नाही. आठ बोटांनी त्यानं रोपवाटिका चालवली, म्हणजे खरं तर आम्ही दोघांनी. मीही कुठे गेले नाही. तो गेल्यावर सगळं माझ्याकडे आलं, वाटणीत कधीच नसलेल्या माझ्याकडे. आता गुडघे चालत नाहीत, म्हणून ते दादाच्या मुलीच्या नावावर केलंय.

दोघं भाऊ पुन्हा भेटले का, हे पुष्कळ जण विचारतात. एकदाच भेटले. वहिनी दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होती, तेव्हा धाकटा तिला बघायला गेला. दादा बाहेरच्या बाकावर बसला होता, पार पिकलेला. धाकटा शेजारी बसला. मी दारात होते. मग दादानं न बघताच त्याचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि बोटं नव्हती तिथे अंगठ्यानं चोळत बसला.

"थंडीत ठणकतं का?" त्यानं विचारलं.

"ठणकतं," धाकटा म्हणाला.